आकाशपाळणा उभा नसतो, टांगलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या मोठ्या आकाशपाळण्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख होती. उंचीचा तक्ताही बरोबर होता: लंडन १३५ मीटर, सिंगापूर १६५, लास वेगास साधारण १६७, दुबई २५०. माझी तक्रार दोन वाक्यांबद्दल आहे. एके ठिकाणी लिहिले आहे की पाळण्याचा सारा भार ‘खालचे आरे खांबासारखे तोलून धरतात’. दुसरीकडे लंडनच्या पाळण्याची उभारणी ‘तांत्रिक गोंधळामुळे रखडली’ असे म्हणून तो विषय एका ओळीत उरकला आहे. पहिले वाक्य साफ चूक आहे. दुसरे वाचून मला जास्त वाईट वाटले, कारण ज्यांनी ते काम वेळीच थांबवले त्यांच्यावर त्यात अन्याय होतो. हे पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी ३१ वर्षे पोलादी बांधकामांच्या उभारणीत काढली. कारखान्यांच्या छपरांना आधार देणाऱ्या कैच्या, पुलांचे गर्डर, केबलवर तोललेली दोन छपरे आणि एक आकाशपाळणा. तो पाळणा साठ मीटर उंचीचा, म्हणजे आपल्या तक्त्यात त्याला जागाही मिळाली नसती. पण त्याचे ४८ आरे मी एकेक करून ताणले आहेत आणि प्रत्येकाचा ताण माझ्या हाताने मोजला आहे. म्हणून लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

आधी आऱ्यांचे बघू. बैलगाडीच्या चाकात तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातून, निघालेले लाकडी आरे जाड असतात. गाडीचा भार तुंब्यावर येतो, तुंबा खालच्या आऱ्यावर रेटतो, आरा धावेवर रेटतो आणि धाव जमिनीवर. तिथे लेखातले वाक्य शंभर टक्के लागू पडते. सायकलच्या चाकातली तार मात्र दोन बोटांनी वाकते. ती कोणाला रेटू शकत नाही, फक्त ओढू शकते. मोठ्या पाळण्याचे आरे या दुसऱ्या जातीचे असतात. लंडनच्या पाळण्यात अशा ६४ केबल तुंब्यापासून बाहेरच्या गोल कड्यापर्यंत जातात, शिवाय कडे आणि तुंबा बरोबर फिरावेत म्हणून १६ केबल तिरप्या लावल्या आहेत. यातली एकही केबल खांबाचे काम करू शकत नाही.

मग भार जातो कुठे? सायकलचे चाक जमिनीवर टेकलेले असते, पाळण्याचे कडे कुठेच टेकत नाही. ते तुंब्यापासून टांगलेले असते. तुंब्याच्या खाली असलेल्या केबल कड्याचे वजन धरून ठेवतात आणि सर्वांत जास्त ताणात असतात. तुंब्याच्या वर असलेल्या केबलवरचा ताण उलट कमी झालेला असतो. त्या आधीच घट्ट ताणलेल्या नसतील, तर वर पोहोचताच सैल पडतील आणि वरचे अर्धे कडे कोणाच्याच धाकात राहणार नाही. हे होऊ नये म्हणून पाळणा वापरात येण्याआधीच सगळ्या आऱ्यांत मुद्दाम ताण भरून ठेवतात.

आमच्या पाळण्याचे आकडे सांगतो, म्हणजे कोणालाही पडताळता येतील. कडे आणि डबे मिळून वजन २४० टन. आरे ४८. कड्याच्या वजनामुळे अगदी खालच्या आऱ्याचा ताण सरासरीहून किती वाढतो आणि अगदी वरच्याचा किती कमी होतो, हे काढायची रीत सोपी आहे: वजनाची दुप्पट करा आणि आऱ्यांच्या संख्येने भागा. दुप्पट ४८०, भागिले ४८, म्हणजे १० टन. आम्ही प्रत्येक आऱ्यात सरासरी २० टन ताण ठेवला होता. त्यामुळे तोच आरा अगदी खाली असताना ३० टन ओढत असे, अगदी वर गेला की १० टन, आणि आडवा असताना बरोबर २०. वरचे ते १० टन वाऱ्यासाठी, एकाच बाजूला भरलेल्या डब्यांसाठी आणि हिशेबात न आलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवलेले असतात. पाळण्याची प्रकृती विचारायची असेल तर हा आकडा विचारावा. उंची रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.

या ताणाची किंमत कड्याला मोजावी लागते. ४८ केबल एकाच वेळी आत ओढत असतात, म्हणून कडे सगळीकडून दाबले जाते. एकूण ताण ९६० टन, त्याला ६.२८ ने भागले की कड्यातला दाब मिळतो: सुमारे १५३ टन, रिकामा पाळणा निवांत उभा असतानाही. दाबाखालची लांब बारीक वस्तू बाजूला पळू बघते. तिला बाजूला जाऊ न देण्यासाठी आरे तुंब्याच्या दोन टोकांना आलटूनपालटून बांधतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. तुंबा जितका रुंद तितकी ही पकड चांगली. चित्रात पाळण्याचा मधला भाग एवढा लांबुळका का दिसतो, याचे उत्तर हेच.

असा पहिला मोठा पाळणा उभारणारे जॉर्ज फेरिस यांना हे सगळे १८९२ मध्ये दिसले होते, याचे मला अजूनही नवल वाटते. ते पूल बांधणाऱ्यांसाठी पोलाद तपासून देण्याचा व्यवसाय करत. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांना पाळण्याची परवानगी मिळाली डिसेंबर १८९२ मध्ये, आणि प्रदर्शन सुरू व्हायचे होते १ मे १८९३ ला. भर हिवाळ्यात पाया खणायचा होता. जमीन गोठलेली, तिच्याखाली वाहती वाळू. ती वितळवायला आणि ओतलेले काँक्रीट गोठू न द्यायला त्यांनी वाफ सोडली. पोकळ घडीव पोलादी आस साडेपंचेचाळीस फूट लांब आणि ३३ इंच व्यासाचा होता. तो सुमारे १४० फूट उंच मनोऱ्यांच्या माथ्यावर चढवला. एवढा जड नग त्या काळच्या साधनांनी तिथे नेऊन खोबणीत बसवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी चेन पुलीची साखळी ओढली आहे त्यालाच कळेल.

आता लक्षात घ्या, प्रदर्शन १ मे ला सुरू झाले आणि पाळणा २१ जूनला. सात आठवडे उशीर. ९ जूनला त्यांनी चाक पहिल्यांदा फिरवले तेव्हा त्याला एकही डबा लावलेला नव्हता. फिरताना वर विसरून राहिलेले नटबोल्ट खाली पडू लागले. पाळणा रिकामा असतानाच हे दिसावे, यासाठीच तर अशी फेरी घेतात. मग ३६ डबे चढले. प्रत्येकात ६० माणसांची सोय, म्हणजे एका वेळी २१६० माणसे. उंची २६४ फूट. वादळी वारेही त्या चाकाने सोसले. फेरिस पुढे तीनच वर्षांत, वयाच्या ३७ व्या वर्षी वारले आणि पाळणा १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याआधी तो दोनदा सुटा करून दुसरीकडे पुन्हा जोडला गेला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुन्हा जोडता येणे ही चांगल्या उभारणीची मोठी खूण आहे.

लेखातले दुसरे वाक्य ‘रखडली’चे. त्याबद्दल बोलण्याआधी अर्धवट पाळण्याबद्दल बोलायला हवे, कारण माझे सारे आयुष्य अर्धवट बांधकामांवर गेले आहे.

पाळणा पुरा होईपर्यंत त्याला पाळण्याचे बळ नसते. वर सांगितलेला सगळा हिशेब कड्याचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला मिळाल्यावर लागू होतो. तोपर्यंत कडे म्हणजे एक लांब वाकडी कमान असते. ती आत ओढली तर दुमडते आणि सोडली तर लोंबते. केबलमध्ये ताण भरता येत नाही, कारण ताणाला उत्तर द्यायला पुरे वर्तुळ नसते. म्हणून कड्याचे तुकडे एकेक करून उभेच जोडायचे असतील, तर तुंब्यापासून कड्यापर्यंत तात्पुरते जाड पोलादी खांब लावतात. लास वेगासला असेच केले. म्हणजे आपल्या लेखातले वाक्य फक्त या काही महिन्यांपुरते खरे असते! वर्तुळ पुरे झाले, केबल थोड्या थोड्या ताणल्या, की ते खांब काढून घेतात. कोणता आधी काढायचा आणि काढण्याआधी समोरच्या केबलमध्ये किती ताण असायला हवा, याची यादी असते. आमच्याकडे ती यादी सतरा पानांची होती. माझ्याकडे अजून आहे.

लंडनला दुसरा मार्ग धरला. पाळणा नदीकाठी, एकाच बाजूने टेकू दिलेला, दोन तिरपे पाय आणि मागून ताणलेल्या केबल. कड्याचे तुकडे टेम्स नदीतून तराफ्यांवर आणले, पाण्यातल्या तात्पुरत्या फलाटांवर आडवे ठेवून जोडले आणि मग अख्खे चाक ताट उचलावे तसे उचलायचे ठरवले. त्या तिरप्या पायांखाली जमिनीत ४४ काँक्रीटच्या पाइल, म्हणजे खोल रोवलेले खांब, प्रत्येक ३३ मीटर खोल. नुसता तुंबा आणि आस यांचेच वजन ३३० टन.

उभ्या चाकाचे वजन त्याच्या स्वतःच्या पातळीत खाली जाते आणि त्यासाठीच ते घडवलेले असते. चाक आडवे असताना तेच वजन त्याच्या पातळीला काटकोनात येते. त्या दिशेने चाक सर्वांत दुबळे असते. म्हणजे त्या चाकावर आयुष्यातला सर्वांत अवघड भार एकही प्रवासी बसण्याआधी, उचलण्याच्या पहिल्या घटकेला येतो. उचलणाऱ्या केबलवरही तेव्हाच सर्वाधिक ओढ असते. चाक जसे वर येते तशी ती कमी होत जाते. पहिला अंश सर्वांत कठीण, शेवटचे त्या मानाने सोपे. सप्टेंबर १९९९ मध्ये पहिल्या प्रयत्नात तात्पुरत्या केबलच्या जोडणीत बिघाड झाला. तिथल्या लोकांनी काम थांबवले. सगळ्या जगाचे कॅमेरे समोर होते, सहस्रक बदलायला चार महिने उरले होते, आणि तरीही थांबवले. जोडण्या नव्याने तपासून, पक्क्या करून ऑक्टोबरात पुन्हा उचलायला घेतले. वेग तासाला सुमारे दोन अंश. घड्याळाचा तासकाटाही तासाला तीस अंश फिरतो, त्यावरून कल्पना करा. चाक ६५ अंशांपर्यंत आणून तिथे थांबवले, पुढच्या टप्प्याची तयारी केली आणि मग उभे केले. ३१ डिसेंबर १९९९ ला औपचारिक उद्घाटन झाले, पण एका डब्याच्या क्लचमध्ये दोष आढळला म्हणून प्रवासी घेतले नाहीत. लोक बसले ते ९ मार्च २००० ला.

या सहा महिन्यांच्या हकिकतीला ‘गोंधळ’ म्हणू नये अशी माझी विनंती आहे. यात दोन वेळा कोणीतरी ‘थांबा’ म्हणाले आणि दोन्ही वेळा ते ऐकले गेले.

माझा अनुभव सांगतो. जागा, मालक, कंपनी कोणाचेही नाव घेत नाही.

केबलमधला ताण मोजायच्या पद्धती अनेक आहेत. जॅक लावून मोजतात, लोड सेल म्हणजे भार मोजणारे उपकरण बसवतात. पण रोजच्या तपासणीला आम्ही जुनी रीत वापरत असू. केबल हाताने ढकलायची, ती डोलू लागली की तळवा तिच्यावर हलका ठेवायचा आणि वीस सेकंदांत किती हेलकावे होतात ते मोजायचे. तानपुऱ्याची तार जशी खुंटी पिळली की चढते, तशीच केबलही ताण वाढला की भराभर डोलते. आमच्या केबल २७ मीटर लांब, मीटरमागे आठ किलो वजनाच्या होत्या. वीस टनाला वीस सेकंदांत ५८ हेलकावे यायला हवेत. मोजणी आरा आडवा असतानाच करायची, कारण वर-खाली असताना त्याचा ताण वेगळा असतो. आणि करायची ती सूर्य उगवायच्या आधी. केबल बारीक, ती उन्हात लवकर तापते. कडे जाड, त्याला वेळ लागतो. दोघांत दहा अंशांचा फरक पडला तरी २७ मीटरची केबल तीन मिलिमीटरहून जास्त लांब होते आणि मोजणी फसते.

उद्घाटनाला चार दिवस होते. पाहुणे ठरले होते, मंडप घातला होता. चाचणीच्या दोनशे फेऱ्या झाल्या होत्या. पहाटे साडेचारला आमचे खलाशी मुकादम, म्हणजे उंचावर चढून जड सामान बसवणाऱ्या माणसांचे प्रमुख, तुंब्याजवळच्या फलाटावर मोजत होते आणि मी लिहून घेत होतो. सोळा नंबर, ५८. सतरा नंबर, ते गप्प राहिले. पुन्हा मोजले. मग म्हणाले, “साहेब, ही जड बोलतेय. तुम्ही मोजा.” मी मोजले. ५४.

चार हेलकावे ऐकायला किरकोळ वाटतात. पण ताण हेलकाव्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५४ भागिले ५८, त्याचा वर्ग, म्हणजे ०.८७ च्या आसपास. वीस टनांच्या जागी सव्वासतरा. तेरा टक्के ताण गेला होता. तो आरा वर गेल्यावरही त्यात सात टनांहून जास्त उरणार होते, म्हणजे तो सैल पडला नसता. मालकांच्या प्रतिनिधींनी नेमके हेच बोट ठेवले. “तुमच्याच हिशेबाने सुरक्षित आहे ना? मग उद्घाटन होऊ द्या, नंतर ताणून घ्या.” त्यांचे गणित बरोबर होते. पण २०० फेऱ्यांत पावणेतीन टन आपोआप जात नाहीत. कुठेतरी काहीतरी चार-साडेचार मिलिमीटर सरकलेले असणार, आणि काय सरकले हे कळत नव्हते. तोवर मी त्या चाकात माणूस बसवायला तयार नव्हतो. मुकादमांनी माझ्या बाजूने एकच वाक्य सांगितले, “माझी पोरं वर चढतात, साहेब. मला कळायला पाहिजे.”

मला त्या दिवशी बरेच ऐकून घ्यावे लागले. संध्याकाळपर्यंत सतरा नंबरचा नट सोडवला. नटाखाली एक गोलाईची चकती असते, केबल किंचित तिरकी झाली तरी नट सरळ बसावा म्हणून. ती बसवतानाच तिरकी अडकली होती. फेऱ्यांच्या हादऱ्यांनी ती घसरून आपल्या जागी बसली आणि केबल तेवढी ढिली झाली. म्हणजे आता ती बरोबर बसली होती! पण अशा अजून किती अडकलेल्या असतील? सगळ्या ४८ उघडल्या. आणखी तीन निघाल्या, अजून न घसरलेल्या. त्या लोकांना घेऊन फिरताना कधीतरी घसरल्या असत्या. नव्याने बसवून सगळ्या आऱ्यांना चार फेऱ्यांत ताण दिला, कारण एक ताणली की शेजारच्या दोन्हींचा ताण बदलतो. पुन्हा चाचणी, पुन्हा पहाटेची मोजणी. उद्घाटन अकरा दिवसांनी झाले. मधल्या काळात एका वर्तमानपत्रात मथळा आला: ‘पाळणा रखडला’. मुकादमांनी तो कापून खिशात ठेवला होता. त्यांना वाईट वाटले होते. मलाही.

म्हणून तो शब्द मला टोचतो.

उभारणीनंतरचेही थोडे सांगतो. अर्ध्या तासाला एक फेरी आणि दिवसाला बारा तास धरले तर प्रत्येक आरा दिवसात २४ वेळा जास्त ताणातून कमी ताणात जातो, वर्षाला ८७६० वेळा. पन्नास वर्षांत सव्वाचार लाखांहून जास्त. वाऱ्याने होणारी थरथर याहून वेगळी, ती पुष्कळ जास्त वेळा होते, म्हणून केबलच्या टोकांशी तडे शोधत राहावे लागते. बेअरिंगचे दुखणे तर निराळेच. भरधाव फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ पडदा वेगामुळे आपोआप तयार होतो आणि धातूला धातू लागत नाही. तासाला दोन फेऱ्या घेणाऱ्या बेअरिंगला तो पडदा मिळत नाही. तिथे ग्रीसची निवड आणि ते वेळेवर भरणे यावर सगळे अवलंबून. ज्या बेअरिंगवर अख्खे चाक टांगले आहे ते काढून बदलणे म्हणजे चाकच उचलून धरणे. ते कसे करणार, याचे उत्तर पहिल्या नकाशात लिहिलेले असावे लागते. व्हिएन्नाचा पाळणा १८९७ चा. १९४४ मध्ये तो जळाला, मग निम्म्या म्हणजे १५ डब्यांनिशी पुन्हा उभा राहिला आणि अजून फिरतो आहे, तो अशा देखभालीमुळेच.

आणि पाळणा थांबला तर माणसे खाली कशी आणायची? सिंगापूरला डिसेंबर २००८ मध्ये नियंत्रण कक्षात शॉर्ट सर्किट होऊन आग लागली आणि चाक थांबले. १७३ माणसे सुमारे सहा तास वर अडकली. काहींना दोरांच्या साहाय्याने उतरवावे लागले. आरे शाबूत होते, कडे शाबूत होते, वीज नव्हती. त्यानंतर तिथे पर्यायी यंत्रणा वाढवण्यात आल्या. लंडनचा पाळणा फिरवायला ट्रकसारखे रबरी टायर कड्यावर दाबून फिरवतात. असे अनेक टायर असले की एखादा बंद पडला तरी बाकीचे काम चालू ठेवतात. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. आऱ्यांबद्दलचे ते वाक्य दुरुस्त करावे. आपला अंक शाळकरी मुले वाचतात आणि पाळण्याची प्रतिकृती करताना तेच वाक्य वहीत उतरवतील. आणि यापुढे अशा कोणत्याही उभारणीची बातमी देताना काम का थांबवले, कोणी थांबवले आणि थांबून काय तपासले, हे बातमीदाराने विचारावे. सांगायला माणसे तयार असतात. आम्हाला कधी कोणी विचारले नव्हते.

सोबत हाताने काढलेली एक आकृती जोडतो आहे. बारा आरे दाखवले आहेत, ताण जितका जास्त तितकी रेघ जाड. सर्वांत जाड रेघ तुंब्याच्या खाली आहे, सर्वांत बारीक वर. छापायची असल्यास वरची बाजू वरच राहील एवढे कृपया पाहावे. कोपऱ्यात मी बाण काढून ‘वर’ असे लिहिले आहे. आकृती उलटी छापली गेली, तर पाळणा खालच्या आऱ्यांवर नाही पण वरच्या आऱ्यांना लोंबतो आहे असे वाटेल, आणि मला पुन्हा पत्र लिहावे लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उभारणी अभियंता